धूर मोजणारे तांबोळी सर

तांबोळी सर भेटले की प्रकृती विचारत नाहीत, गाडीचं ॲव्हरेज विचारतात. "काय राव, किती देते?" हा त्यांचा नमस्कार. नवख्या माणसाला वाटतं, म्हशीची चौकशी चाललीय. तो "दोन टाइमाचं मिळून आठ लिटर" असं अभिमानाने सांगतो, आणि सरांच्या चेहऱ्यावर मग खरोखरीचं दुःख पसरतं.

सर आमच्या जुन्नरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात. मी मराठी शिकवतो, म्हणजे तास रिकामा असला की त्यांच्या तावडीत सापडतो. आमच्या कॉलेजला वसतिगृह नाही. पोरं डिंभ्यापासून घाटघरपर्यंत कुठून कुठून येतात आणि संध्याकाळी परत जातात. भूगोलाचे सर तर पार लोणीहून येतात, त्यामुळे त्यांना भूगोल वेगळा शिकवायला लागत नाही.

गेल्या वर्षी कॉलेजच्या मूल्यांकनासाठी समिती येणार असं ठरलं. कॉलेज हवेत किती कार्बन सोडतं, तेही मोजून दाखवायचं होतं. प्राचार्यांनी ते काम सरांना दिलं. विजेचं बिल घ्या, कँटीनचे सिलिंडर घ्या, जनरेटरचं डिझेल घ्या, बेरीज करा आणि खाली सही करा, एवढीच त्यांची अपेक्षा होती. एका दुपारचं काम.

सर म्हणाले, "आणि पोरं येतात ती काय उडत येतात?"

प्राचार्य म्हणाले, "गेटच्या बाहेरचं आपलं नाही."

"धुराला गेट दिसत नाही, साहेब," सर म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळी गेटवर उभे राहू लागले.

ते दिवस आम्हा सगळ्यांना जड गेले. एखादं पोरगं बुलेटवर एकटं आलं की सर आडवे हात करून थांबवत. "मागची सीट काय देवाला सोडलीय का?" मी मंचरहून मोटारसायकलवर एकटा येतो. सरांनी का, म्हणून विचारलं. मी खरं ते सांगितलं. मला गाण्याची आवड आहे आणि मोटारसायकल ही एकच जागा आहे जिथे मला कुणी थांबवत नाही. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग मागे श्रोता बसवा." त्या आठवड्यापासून कळंबचे हेडक्लार्क माझ्या मागे बसू लागले. ते वाटभर मूळव्याधीवरचे उपाय सांगतात. माझं गाणं सुटलं.

माणसं कोंबून नेणारी वडापची जीप मात्र सरांना परमप्रिय. पायरीवर लटकलेले धरून एका जीपमध्ये किती माणसं येतात हे कळल्यावर सर भर चौकात जीपभोवती फिरले आणि मोठ्याने म्हणाले, "ही खरी साधू गाडी! एवढ्याशा डिझेलमध्ये एवढी माणसं!" शेजारी हवालदार उभा होता. ड्रायव्हर काकुळतीला आला. "सर, पाया पडतो, पर हळू बोला."

म्हशींचंही झालं. शेजारच्या मळ्यातल्या म्हशी आमच्या मैदानात चरतात. म्हशीच्या ढेकरेतून मिथेन निघतो, म्हणून सर मालकाकडे गेले.

मालक म्हणाला, "म्हस माजी, ढेकर तिची. तुमाला काय तरास हाय?"

"गवत आमच्या मैदानातलं आहे."

"मंग दूध बी न्या की थोडं!"

स्टाफ मीटिंगमध्ये यावर पाऊण तास चर्चा झाली आणि गवत आपलं, ढेकर त्याची, असा ठराव झाला. सरांनी आपला विरोध नोंदवायला लावला.

शेवटी बेरीज झाली. सरांचं म्हणणं खरं निघालं. वीज, गॅस, जनरेटर सगळं एका बाजूला, आणि येण्याजाण्याचा धूर त्याच्या कितीतरी वर. सर इतके खूश झाले की त्यांनी स्टाफरूमला भजी दिली. मग माणशी धूर काढायला बसले आणि तिथे घात झाला.

कॉलेजची एक जुनी पिवळी बस आहे. संध्याकाळी ती घाटघरच्या रस्त्याला पोरं सोडते. आपटाळ्यापर्यंत गाडी भरलेली असते, चावंडला आणखी उतरतात, आणि तिथून पुढे घाटघरपर्यंत सगळ्या गाडीत एकटी पल्लवी. दुसऱ्या वर्षाची पोरगी. सकाळी गावातल्या दूधवाल्याच्या जीपमधून येते, संध्याकाळी मात्र ही बस सोडली तर तिला काही नाही. म्हणजे एवढी मोठी गाडी, चढाचा रस्ता, आणि सगळा धूर एकटीच्या नावावर. जिच्या घरी सायकलसुद्धा नाही, ती पोरगी कागदावर सगळ्या कॉलेजात जास्त धूर सोडणारी ठरली.

प्राचार्यांचा चेहरा उजळला. "सर, तुम्ही मोजलंत ते फार बरं झालं. गाडी चावंडवरूनच मागे फिरवू. डिझेल वाचेल, समितीलाही दाखवता येईल."

"आणि पोरगी?"

"काहीतरी सोय करेल ती."

तिची सोय काय होणार हे आम्हाला सगळ्यांनाच माहीत होतं. घरी बसणार आणि वर्षभरात लग्न होणार. सर दोन दिवस कुणाला ॲव्हरेज विचारेनात. शिपायाला वाटलं त्यांना कावीळ झाली. मलाही वाईट वाटलं. इतक्या हौसेने मोजलेला धूर त्या माणसाच्या स्वतःच्याच डोळ्यांत गेला होता.

तिसऱ्या दिवशी सर प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले. "घाटघरचा आकडा बदला. एकाऐवजी दोन प्रवासी. माणशी धूर निम्मा."

"दुसरा कोण?"

"मी."

तेव्हापासून सर कॉलेज सुटलं की पिवळ्या बसमध्ये बसतात, घाटघरपर्यंत जातात आणि त्याच बसने परत येतात. त्यांचं घर कॉलेजपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. प्राचार्यांना यात लबाडी दिसली. "ज्याचं तिकडे काही काम नाही, तो कसला प्रवासी?" ते मला म्हणाले. "तुम्ही एकदा जाऊन बघा. माणूस खोटा असेल तर गाडी चावंडवरून फिरेल." मला पाठवलं, कारण संध्याकाळी मला कळंबचे हेडक्लार्क टाळायचे असतात हे त्यांना ठाऊक होतं.

मी गेलो तो दिवस नेमका वाईट. पल्लवीला ताप होता, ती आलीच नव्हती. चावंडला शेवटची पोरं उतरली आणि गाडीत आम्ही दोघे राहिलो. ड्रायव्हर मागे वळून म्हणाला, "सर, आज पोरगी न्हाई. हितनंच फिरवू का?"

सर खिडकीबाहेर बघत होते. "चल पुढं."

मला राहवलं नाही. आयुष्यभर रिकाम्या सीटवरून लोकांना छळत आलेला हा माणूस. मी म्हणालो, "सर, आज या धुराचा हिशोब कसा लावणार?"

सरांनी खिडकीची काच बंद केली. मग म्हणाले, "घरी जाऊन करायचं काय, राव? सायरा गेल्यापासून टीव्ही लावतो. तो बोलतो, मी ऐकतो." त्यांच्या बायकोला जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगी लग्न होऊन सोलापूरला असते. हे मला माहीत होतं, पण त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

घाटघरला गाडी थांबली. रस्त्याकडेला पल्लवीची आई डोक्यावरून पदर घेऊन उभी होती. सर उतरायच्या आतच तिने सुरुवात केली. "भाऊ, आज येळ केला! दोनदा च्या गरम केला म्या. पोरगी तापात बी इचारती, सर आलं का म्हनून. आन् सोटर कुटंय? वारं किती सुटलंय, दिसत न्हाई व्हय?"

गेटवर भल्याभल्यांना अडवणारे तांबोळी सर अंग चोरून उभे राहिले. "स्वेटर विसरलो," म्हणाले. "गाडी जरा चढाला बसली."

"रोज काय तरी हायेच तुमचं. चला आत. हे पावणं कोन?"

सरांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे सुख होतं ते मी कॉलेजात कधीच पाहिलं नव्हतं. बोलणी खाऊन माणूस इतका आनंदी होतो, हे मला नवीन होतं. आत गेल्यावर त्यांनी पल्लवीला तापाच्या गोळ्या दिल्या आणि तिच्या भावाला पाढे विचारले. चहाला आल्याचा वास होता. मी दोन कप घेतले.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. पेन उघडून बसलेच होते. "काय दिसलं? दुसरा प्रवासी खरा आहे का?"

"खरा आहे, साहेब," मी म्हणालो. "तिकडे त्याची वाट बघतात."