पेशंटला नको, लॉगला विचारा

माझं ठाम मत होतं: माणूस थापा मारतो, यंत्र नाही! किरणोपचार विभागात मी भौतिकतज्ज्ञ. उपचार चालू असताना यंत्र आपली प्रत्येक हालचाल नोंदवून ठेवतं, तो लॉग. रोजची तपासणी आता लॉगवरूनच करायची, अशी योजना मी मीटिंगमध्ये छाती फुगवून मांडली. वर म्हणालो, "पेशंटला काय विचारायचं? लॉगला विचारा!"

आणि पहिलाच घोळ निघाला तो माझ्या बाबांच्या लॉगमध्ये.

बाबांच्या फुफ्फुसात गाठ. श्वास धरला की गाठ हलत नाही, म्हणून तेवढ्यापुरतेच किरण सोडायचे. श्वास सुटला की यंत्र आपोआप थांबतं. इतरांचे लॉग सरळ, बाबांचा रोज मध्येच तुटलेला. उपचार लांबायचा, बाबा दमून जायचे. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर हा उपचार बंद करावा लागेल.

मी श्वास टिपणाऱ्या कॅमेऱ्यावर संशय घेतला. यंत्र बंद केलं, इंजिनिअरला बोलावलं. बाहेर पेशंट ताटकळले आणि त्यांचे नातेवाईक माझ्या नावाने बोटं मोडू लागले. इंजिनिअरने कॅमेरा उतरवला, पुसला, परत चढवला. मग बाबांच्या जागी छाती वरखाली होणारा प्लास्टिकचा पुतळा झोपवला. लॉग कसा गुणी बाळासारखा! दुसऱ्या दिवशी बाबा झोपले आणि ये रे माझ्या मागल्या.

यंत्र चालवणाऱ्या ताई म्हणाल्या, एकदा बाबांनाच विचारू या का? मी नाक मुरडलं. त्यांनी मला बाजूला सारून आतल्या माइकचा आवाज वाढवला.

आत माझाच आवाज घुमत होता. पेशंटसाठीच्या सूचना मीच हौसेने रेकॉर्ड केल्या होत्या. "श्वास घ्या. धरून ठेवा."

"हो रे, धरलाय," बाबा म्हणाले. "तू जेवलास का?"

पडद्यावर किरण थांबले.

आई गेल्यापासून आमच्या घरात दोन माणसं आणि एक टीव्ही. बोलायचं काम टीव्हीकडे. मला फार वाईट वाटलं. रडूही आलं असतं, पण ताई शेजारी होत्या, म्हणून मी ताबडतोब उपाय शोधला.

दुसऱ्या दिवशी सूचना ताईंच्या आवाजात. लॉग सरळ! उपचार वाचला. डॉक्टरांनी माझी पाठ थोपटली, मीही थोपटून घेतली.

घरी जाताना बाबांनी गाडीची काच खाली केली. मग म्हणाले, "आज तू कामावर नव्हतास का?"

"होतो की. शेजारच्याच खोलीत."

"मग बोलला नाहीस."

मी गाडी कडेला घेतली.

"जेवलो मी, बाबा," म्हणालो.