क्रमांक एकची तक्रार

खांदेश्वरच्या आमच्या सोसायटीची लिफ्ट बंद पडली, त्या दिवशी सेक्रेटरी इंद्रजित शिर्के यांनी रीतसर सूचना लावली. ती कुणी वाचली नाही. सूचना वाचाव्यात अशी दुसरी सूचना लावली, तीही कुणी वाचली नाही. मग तातडीची सभा भरली आणि लिफ्ट राहिली बाजूला, सूचनाफलकाचाच विषय पेटला.

शिर्क्यांचं तारुण्य गाण्यांच्या चॅनेलांसमोर गेलेलं. दोन गाण्यांच्या मध्ये येऊन बडबडणारे ते व्हीजे, त्यांचे रंगवलेले केस, कानातली बाळी! शिर्क्यांनीही तेव्हा कान टोचून घेतला, तर वडिलांनी आठवडाभर घरात घेतलं नाही. ती सल अजून होती. त्यांनी ठराव मांडला की तळमजल्यावर मोठा टीव्ही लावावा, सोसायटीचं स्वतःचं म्युझिक चॅनेल काढावं, आणि गाण्यांच्या मधे मधे सूचना-तक्रारी सांगायला व्हीजे नेमावा. मी सांस्कृतिक सदस्य, अनुमोदन माझंच. खोटं कशाला बोलू?

व्हीजे म्हणून दुसऱ्या मजल्यावरची मनाली लागली. पोरगी चुणचुणीत. 'हाय गाइज, उद्या पाण्याची टाकी धुणार, सो स्टे ट्यून्ड,' असं ती म्हणाली की माणसं भाजीच्या पिशव्या हातात धरून टीव्हीसमोर उभी राहायची. तक्रारवही बंद झाली. यापुढे तक्रार फोनवरून, फर्माईश पद्धतीने.

पहिला फोन सहाव्या मजल्यावरच्या प्रेमलाकाकूंचा. साताऱ्याकडच्या, एकट्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरांनी जिना बंद केलेला. वीस तारखेला उरणला भाचीचं लग्न होतं. भाची बिनआईची, काकूंनीच लहानाची मोठी केलेली.

"काकू, ही तक्रार कुणाला डेडिकेट करायची?" मनालीने विचारलं.

"कुनाला बी कर बाई, पन मला खाली उतरव."

नियमाप्रमाणे तक्रार 'टॉप टेन'मध्ये गेली. क्रम मतांवर, आणि कारवाई क्रमाने. लिफ्ट आठवी आली. पहिली आली कबुतरं. आता कबुतरं सगळ्यांच्याच खिडकीत, आणि वरच्या मजल्यांवरची बाकीची मंडळी जिने चढून वजन घटल्याच्या आनंदात. लोकशाही म्हणजे लोकशाही.

मनालीला मनापासून वाईट वाटलं. कॅमेरा घेऊन ती सहा मजले चढली आणि काकूंचा व्हिडिओच केला. लग्नासाठी काढून ठेवलेली हिरवी साडी, दारात उभ्या काकू, खाली खाली जाणारा रिकामा जिना, मागे सनई. काय सांगू, माझे डोळे भरून आले. आठवड्यात लिफ्ट पहिल्या क्रमांकावर! व्हिडिओची लिंक फोनाफोनी सोसायटीबाहेर गेली. पार उरणजवळच्या द्रोणागिरीची माणसंसुद्धा मतं देऊ लागली, आणि बघता बघता सोसायट्या-सोसायट्यांत तक्रारींची स्पर्धाच सुरू झाली.

अठरा तारखेला लिफ्टवाला दत्तू सामान घेऊन आला. शिर्क्यांनी त्याला गेटवरच थांबवलं. निवारण झालेली तक्रार स्पर्धेतून बाद होते, असा नियम होता, आणि महाअंतिम फेरी बावीसला होती. दत्तू म्हणाला, अर्ध्या तासाचं काम आहे. शिर्के म्हणाले, मग घाई कशाला?

तरी हुकूमशाही नको म्हणून व्हिडिओखाली दोन बटणं देऊन मत घेतलं. लिफ्ट लगेच दुरुस्त करावी की फिनालेनंतर? फिनालेनंतर, चारशे बारा. लगेच, नऊ. काकूंना खुर्चीत बसवून चौघांनी उतरवावं असंही कुणी सुचवलं, पण मग तक्रारच उरत नाही, असं समितीचं मत पडलं.

वीस तारखेला उरणला लग्न लागलं. बावीसला आम्ही जिंकलो. तेवीसला लिफ्ट सुरू झाली आणि चषक घेऊन मी तिच्यातूनच वर काकूंकडे गेलो. हिरवी साडी अजून खुर्चीवर घडी घालून ठेवलेली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"व्हिडिओ लई गाजला म्हनत्यात," काकू म्हणाल्या. "मला काय दिसला न्हाई. टीव्ही खाली हाय नव्हं?"

मी चषक टेबलावर ठेवला. काकूंनी तो जरा बाजूला सरकवला आणि विचारलं, "नंतर करा म्हनून कोन कोन म्हनलं?"

मी म्हणालो, काकू, सोसायटीतले झाडून सगळे धरले तरी नव्वद. उरलेले तीनशे बावीस बाहेरचे, त्यांची नावं मला कुठली ठाऊक?

लिंक बरीच फिरली होती. काढून ठेवलेली हिरवी साडी, दारात उभ्या एक बाई, रिकामा जिना, सनई, खाली दोन बटणं. तुमच्याकडेही आली असेल. आठवून बघा, डोळे पुसून झाल्यावर कुठलं दाबलंत.