दोन फुलं, एक कळी

"अण्णा, आजची आमटी फार छान झालीये," निकिता म्हणाली, आणि अण्णांचा घास हातातच थांबला.

"का? काय झालं?"

"काय व्हायचंय? छान झालीये म्हणून सांगितलं."

अण्णांनी वाटी नाकाशी नेली, चमच्याने तळ ढवळून पाहिला आणि संशयाने विचारलं, "खोबरं खवट लागतंय का?"

निकिताचे वडील, ज्ञानदेवअण्णा, जन्मभर कारखान्यात माल तपासायला होते. त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारच्या वस्तू होत्या. एक 'चालेल' आणि दुसरी 'परत'. निकिता दहावीला शाळेत पहिली आली, तेव्हा त्यांनी गुणपत्रिका पाचशेच्या नोटेसारखी उजेडात धरली आणि विचारलं, "भूगोलात काय झालं?" होणाऱ्या जावयाला बघून ते 'चालेल' म्हणाले, तेव्हा निकिताच्या आईने देवापुढे साखर ठेवली होती.

आई गेली, सोनू झाली आणि अण्णा लेकीकडे राहायला आले. निकिता शाळेत आणि तिचा नवरा खराडीच्या ऑफिसात गेला, की नातीला न्हाऊमाखू घालण्यापासून आमटीपर्यंत सगळं अण्णाच बघत. कशाला काही कमी नव्हतं. फक्त स्वतः आई झाल्यावरही निकिताच्या मनातली एक जागा फ्रॉकमध्येच राहिली होती. दारात चप्पल काढताना तिला रोज वाटायचं, आज अण्णा आपल्याला एकदा 'छान' म्हणतील. अण्णा म्हणायचे, "चप्पल सरळ ठेव."

म्हणूनच कसबा पेठेतल्या तिच्या शाळेत प्रशिक्षण द्यायला एक बाई आल्या आणि "मुलांना शेरे मारू नका, त्यांच्याशी बोला" म्हणाल्या, तेव्हा बाकीच्या शिक्षिका जांभया देत होत्या आणि निकिता सरसावून बसली. रीत सोपी होती. उत्तरपत्रिकेला एक चिठ्ठी जोडायची. तिच्यात आधी दोन फुलं, म्हणजे मुलाच्या दोन चांगल्या गोष्टी. उगाच गोड नकोत, खऱ्या आणि नेमक्या हव्यात. मग एक कळी, म्हणजे अजून उमलायचं राहिलेलं काहीतरी.

सोनू मांडीवर झोपली, की निकिता एका हाताने तिला थोपटत दुसऱ्या हाताने पाचवी 'ब'च्या चिठ्ठ्या लिही. तेजसची चिठ्ठी लिहिताना मात्र तिचं थोपटणं थांबलं. तेजस म्हणजे वर्गातला वात्रट नंबर एक. त्याने निबंधात लिहिलं होतं, 'आजी गेली. पण तांब्या घासायला चिंच घेतली की तिच्या हाताचा वास येतो.'

निकिताने लिहिलं, 'तेजस, तू उदास मुलालाही हसवतोस, ते मला फार आवडतं. तुझं आजीबद्दलचं वाक्य वाचून माझे डोळे भरून आले. आता भागाकाराशीही गट्टी कर.'

शनिवारी चिठ्ठ्या घरोघरी गेल्या. सोमवारी सकाळी तेजसचे वडील, तांब्याच्या भांड्यांचे दुकानदार हिंमतराव, मुलाचा कान धरून शाळेच्या दारात उभे.

"बाई, यानं काय केलंय ते स्पष्ट सांगा."

"अहो, काही नाही केलं. मी चिठ्ठीत लिहिलंय ना."

"ती वाचली म्हणून तर आलो! 'डोळे भरून आले' म्हणता. बाईंना रडवण्यापर्यंत मजल गेली याची? मला शाळेत एकच शेरा असायचा, 'पाल्य द्वाड आहे'. यालाही तोच यायचा. घरात कशी शांतता होती!"

त्यांची समजूत घालते न घालते, तोच पाचवी 'ब'मधल्याच दीक्षाची आई श्रद्धा मेश्राम आली. हिंजवडीची बस सोडून आली होती.

"मॅडम, स्ट्रेट सांगा. दीक्षाला काढताय का?"

"काढायचं कशाला? किती गोड मुलगी आहे!"

"बघा! बघा, पुन्हा तेच! आमच्या कंपनीत पण आधी म्हणतात, तुमचं टीमवर्क अमेझिंग आहे. मग म्हणतात, तुमचा ॲटिट्यूड लव्हली आहे. आणि मग म्हणतात, लॅपटॉप जमा करा. लास्ट मंथमध्ये माझी अर्धी टीम अशीच गेली, मॅडम. गोड बोलून."

तिने पालकांच्या ग्रुपवर विचारलं, 'अजून कोणाकोणाला चांगलं लिहिलंय?' सगळ्यांनाच लिहिलेलं होतं. 'सगळ्यांना?' कुणीतरी हिशेब मांडला, 'म्हणजे तुकडीच बंद होतेय.' दुसऱ्याने सुचवलं, 'तुकडी कसली, शाळाच. जागा बिल्डरला दिली असणार.' मधल्या सुट्टीपर्यंत दोघांनी दुसऱ्या शाळेत प्रवेशाची चौकशी केली, आणि शाळा सुटताना सभागृह पालकांनी भरलं.

मुख्याध्यापिका केतकरबाईंनी निकिताला चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही मुलांना फुलं दिलीत निकिता. पालकांना वाटतंय, फोटोला हार घालताय. आता जा आणि निस्तरा. उद्या सगळ्या चिठ्ठ्या परत घ्या आणि नेहमीसारखे शेरे लिहा."

निकिता सभागृहात उभी राहिली. "तुकडी बंद होत नाहीये. मुलं खरंच चांगली आहेत."

श्रद्धाने पदराचा बोळा तोंडाशी धरला.

"अहो, खरंच गुणी आहेत हो!"

"बिल्डर कोण आहे?" मागून आवाज आला.

सकाळपासून निकिता उपाशी होती. घरी सोनू वाट बघत असणार होती. तिचा तोल सुटला. "ऐकायचंच आहे का? दीक्षा गृहपाठ मधल्या सुट्टीत उरकते आणि तिचा तोंडाचा पट्टा घंटेलाही ऐकत नाही! आणि तेजसचा भागाकार बघून मला घाम फुटतो!"

सगळ्या सभागृहाने एकदम श्वास सोडला.

"थँक गॉड," श्रद्धा डोळे पुसत म्हणाली.

"हां! आता कसं बाईंसारखं बोललात!" हिंमतराव खूश झाले. "उगाच जीव टांगणीला लावलात आमचा."

माणसं हसत, एकमेकांना टाळ्या देत घरी गेली. निकिता रिकाम्या खुर्च्यांकडे बघत उभी राहिली. तिला भूगोल आठवला.

दुसऱ्या दिवशी तिने जड हाताने चिठ्ठ्या गोळा केल्या. तेजसची तेवढी मिळेना.

"हरवली," तो जमिनीकडे बघत म्हणाला. एरवी थापा मारताना तो सरळ डोळ्यांत बघायचा.

घरी जाताना वाटेत हिंमतरावांचं दुकान लागायचं. तांब्याच्या घागरींच्या वर, दुकानाच्या परवान्याशेजारी, देवाच्या तसबिरीखाली निकिताला आपलं अक्षर दिसलं. वर प्लॅस्टिकचा कागदसुद्धा लावला होता.

हिंमतराव घाईने उठून तिच्या आणि भिंतीच्या मध्ये उभे राहिले. "ते काय आहे बाई, गिऱ्हाईक बसल्या बसल्या वाचतं."

"पण मला ती परत न्यायचीय."

हिंमतरावांनी हातातली घागर उगाच फिरवली. "आई माझी होती ना, बाई. ती गेल्यावर हे पोरगं एका शब्दानं बोललं नाही. मला वाटलं, याला काही नाहीच त्याचं. काल सभेहून घरी गेल्यावर तुमची चिठ्ठी पुन्हा वाचली आणि मग याच्याकडून निबंध मागून घेतला." ते खाकरले. "मोठ्या बाईंना सांगा, हरवली. पोरगं द्वाड आहेच. आणि त्याच्यादेखत कौतुक नको, शेफारेल."

घरी पोचल्यावर निकिताने सगळं अण्णांना सांगितलं. अण्णा सोनूला भात भरवत ऐकत होते. फोटोच्या हारावर ते हसले नाहीत, बिल्डरवर हसले नाहीत. चिंचेच्या वासापाशी मात्र त्यांचा हात थांबला. सोनूने आ वासून ठेवला होता.

"छान केलंस हो," अण्णा हळूच म्हणाले. "फार छान शिकवतेस."

निकिता ताडकन उठली. "अण्णा! काय होतंय? छातीत दुखतंय का?" तिने त्यांच्या कपाळाला हात लावला. "डॉक्टरांना फोन करू?"

"कर. आणि येताना तिरडीचं सामानही आणायला सांग," अण्णा तिचा हात झटकत म्हणाले. "म्हणून बोलत नाही मी."

मग कुठे निकिताच्या ध्यानात आलं. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली, ते दारात येऊन गेलं होतं आणि आपणच कडी लावून घेतली होती.

"अण्णा, पुन्हा म्हणा ना."

"काय?"

"आत्ता म्हणालात ते."

अण्णांनी सोनूचं तोंड पुसलं. स्वतःचे डोळेही त्याच फडक्याने पुसले, बहुधा चुकून. मग उठून निकिताचं ताट वाढलं. "आमटी घे. आज खोबरं ताजं आहे."

निकिताने भुरका मारला. आमटी आईच्या हातची असावी तशी झाली होती. जिभेवर आलेली फुलं तिने गिळली.

"चालेल," ती म्हणाली.

आणि अण्णांचा चेहरा असा काही उमलला, की सोनूनेही टाळ्या वाजवल्या.