धुतलेले इंजेक्टर

गाडी नुसती आचके देत होती. पण चालत होती. तेवढ्यावर भागवलं असतं तर आमच्या हेडक्लार्कसाहेबांवर पुढची वेळ आली नसती. पण रविवारी बायको आयुष्यात पहिल्यांदा स्वतः गाडी चालवत माहेरी जाणार होती. "तुला नाही जमायचं," हे आईचं पालुपद तिला एकदाचं बंद करायचं होतं. अशा मानाच्या दिवशी गाडीनं आचके द्यावेत? साहेबांनी नवे इंजेक्टर आणले. (इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या या बोटभर नळ्या, हे ज्ञान त्यांना आदल्याच दिवशी एका व्हिडिओतून झालं होतं.)

"अहो, गॅरेजमध्ये द्या ना."

"काढायचे नि लावायचे! त्याला गॅरेज कशाला?"

जुने चार निघाले, हे खरंच कौतुकाचं. नव्या चारांना व्हिडिओतल्यासारखं तेल लावताना हातांची सगळी काजळी त्यांना लागली. मग आठही पेपरवर ठेवून साहेब विजयी मुद्रेनं आंघोळीला गेले.

बाहेर येऊन बघतात तर ओट्यावर आठही इंजेक्टर ओळीनं, लख्ख!

"किती मळले होते हो! साबणाच्या पाण्यात बुडवले, मग तारेच्या घासणीनं घासले," बायको म्हणाली. "तुम्ही एवढे राबताय, म्हटलं आपलाही हातभार."

आता यातले नवे कुठले, हे विचारायचं कुणाला? (गॅरेजवाल्याला विचारता आलं असतं, पण मग अब्रूचं काय?) साहेबांनी त्यातल्या त्यात तरुण दिसणारे चार निवडून बसवले. गाडीनं आचके देणं कायमचं सोडलं. ती सुरूच होईना.

रविवारी सकाळी बायको पिशवी उचलून बसनं गेली. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं साहेबांना राहून राहून वाटत होतं. तिनं नेसलेली नवी साडी काही केल्या डोळ्यांसमोरून जाईना.

दुपारी सासूबाईंचा फोन आला.

"जावईबापू, तिच्यावर रागावू नका हं. ऐनवेळी तिलाच गाडी चालवायचा धीर झाला नाही म्हणते."

त्यांची अब्रू झाकायला बिचारीनं स्वतःचा मान घालवला होता.

"आई, ती उत्तम चालवते. गाडी मी बिघडवली."

"ते कळलंच होतं मला," सासूबाई म्हणाल्या. "आल्यापासून तुमची स्तुती करतेय. आजवर कधी केली होती का?"