धर्माजींचं ताट

"वासंतीताई, मतदान झालंय. सहा विरुद्ध एक." चेअरमन आत्मारामभाऊंनी रजिस्टर मिटलं. "आता वाद नको."

"एक कोण?" कुणीतरी जांभई देत विचारलं.

"मी!" वासंती म्हणाली. "आणि वाद मी घालणारच."

जेसल पार्कमधल्या त्या चार मजली सोसायटीच्या कमिटीत वासंती एकटीच बाई. साल १९९६. सव्वीस जानेवारी आठवड्यावर आलेली आणि क्रिकेटचा वर्ल्ड कप महिन्यावर. साऱ्या भाईंदरला क्रिकेटचा ताप चढला होता, मग कमिटी कशी सुटेल? आत्मारामभाऊंच्या मेहुण्याच्या ओळखीनं जितेंद्र पाताडे नावाचा क्रिकेटपटू सोसायटीत सत्काराला यायला तयार झाला होता. हा गडी एकदा भारतीय संघाबरोबर परदेशात जाऊन आला होता. तिथे त्यानं काय केलं, तर राखीव खेळाडू म्हणून मैदानात पाणी नेलं.

"पाणीच द्यायचं, तर आमचे धर्माजीकाका काय वाईट?" वासंती कडाडली. "पहाटे चारला उठून व्हॉल्व्ह कोण उघडतं? तेव्हा कुठे तुमच्या बादल्या भरतात! आणि हे तर आत्ताचं झालं. आधी लढाई कोण लढलं?"

तळमजल्यावरचे धर्माजी सकपाळ म्हणजे निवृत्त हवालदार. एकाहत्तरच्या लढाईत त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली होती. उरलेल्या दोन बोटांनी ते रोज सोसायटीचा व्हॉल्व्ह फिरवत आणि कुणाला त्याचं काही वाटत नसे. वासंतीची पंचाईत वेगळीच होती. यंदाचा मोठा सत्कार तुमचाच, असं ती मीटिंगच्या आधीच त्यांच्या घरी सांगून बसली होती! धर्माजींच्या बायकोनं, इंदूबाईंनी, ट्रंकेतला कोट काढून उन्हात टाकला होता. धर्माजी स्वतः चिंच घेऊन पदकं घासत बसले होते. आता कुठल्या तोंडानं सांगायचं, की काका, ठेवा ती परत ट्रंकेत?

"क्रिकेटर आला तर पेपरात फोटो येतो, ताई," आत्मारामभाऊ समजुतीच्या सुरात म्हणाले. "धर्माजी काय, रोजच दिसतात. पण तुमचाही मान राखू. पाहुण्यांना मोठं ताट, धर्माजींना छोटी ताटली. दोन्हींवर नावं घालून आणा. भांड्यांचं तुम्हा बायकांनाच कळतं."

"मजकूर कोण देणार?"

"पाहुण्यांचा मी देतो. धर्माजींचा काय हवा तो घाला तुम्ही."

तेवढंच पदरात पडलं, पण वासंतीनं तेही वाया घालवलं नाही. इंदूबाईंच्या स्वयंपाकघरात बसून तिनं सगळं विचारून घेतलं. पलटण, गावं, तारखा, गेलेली बोटं, मिळालेली पदकं, जखमी सोबत्याला खांद्यावर घालून चाललेले दोन मैल. कागद दोन्ही बाजूंनी भरला. आत्मारामभाऊंच्या चिठ्ठीत एवढंच होतं: 'सुप्रसिद्ध क्रिकेटपटू जितेंद्र पाताडे यांस सस्नेह भेट.'

पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे कारखानेच कारखाने. त्यातल्या एका गाळ्यात मोरवा गावचा खंडू मशीन घेऊन नावं घालायचा. वासंतीनं त्याला दोन्ही कागद दिले आणि बजावलं, "हा क्रिकेटवाल्याचा मजकूर मोठ्या ताटावर, हा हवालदारांचा ताटलीवर." चिठ्ठ्यांची अदलाबदल करावी असं तिच्या मनात आलं नाही, असं नाही. चांगलं दोनदा आलं! पण बाई भांडखोर असली तरी लबाड नव्हती. मतदान ते मतदान.

सव्वीस तारखेला सकाळी पुडकं उघडलं आणि आत्मारामभाऊंचा चेहरा पडला. मोठ्या ताटावर काठापासून काठापर्यंत धर्माजी! आणि पाहुण्यांचं नाव ताटलीवर.

"ताई, हा गनिमी कावा आहे!"

"मी काही केलेलं नाही."

"मग काय चिठ्ठ्यांना पाय फुटले?"

"मुलाची शपथ घेऊन सांगते, भाऊ!"

कुणाचा विश्वास बसेना. सेक्रेटरी लोकेश विटेची पूड आणि काथ्या घेऊन अक्षरं घासायला बसला. अर्धा तास घासल्यावर ताट असं लखलखलं, की जे चष्म्याशिवाय दिसत नव्हतं तेही दिसायला लागलं. शेवटी आत्मारामभाऊंनी खळ करून आणली आणि मजकुरावर मोठा तिरंगी कागद चिकटवला. "पाहुणा घरी जाऊन काढेल तेव्हा काढेल. ताई, तुम्ही ताट घेऊन फक्त यायचं. पुढचं मी बघतो."

"सकाळपासून मला खोटारडी ठरवलंत ना?" वासंती म्हणाली. "ठीक आहे."

पाहुणा सव्वा तास उशिरा आला. धर्माजी कोट घालून, पदकं लावून शेवटच्या रांगेत ताठ बसले होते. माईकवरून पुकारा झाला आणि वासंती ताट घेऊन स्टेजवर चढली. पाहुणा उठला, फोटोवाला सरसावला. तिनं सगळ्यांसमोर नखानं तो ओला कागद टरकन ओढून काढला आणि माईकसमोर उभी राहून ताट वाचायला लागली. पलटण वाचली, गावं वाचली, ते दोन मैलही वाचले. मग ती स्टेजवरून खाली उतरली.

"ताई, पाहुणे इकडे आहेत!" आत्मारामभाऊ ओरडले.

"माहितीये. ताट तिकडचं आहे!"

धर्माजी गडबडून उभे राहिले. "पोरी, एवढं कशाला गं?" म्हणाले, पण दोन बोटांच्या त्या हातानं ताट घट्ट धरलं. त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं आणि वासंतीच्याही.

पाहुणा चिडेल म्हणून लोकेशनं घाईघाईनं ताटली त्याच्या हातात दिली. त्यानं ताटली उलटसुलट करून बघितली आणि म्हणाला, "बरं झालं. घरी अशी नऊ ताटं पडलीत, आई ओरडते माझी." धर्माजी उभे होते म्हणून तोही उभाच राहिला. तो उभा म्हणून आत्मारामभाऊंनाही उठावं लागलं.

पण भाऊ असे सोडणारे नव्हते. दुसऱ्या दिवशी वासंतीला घेऊन ते थेट खंडूच्या गाळ्यात शिरले. "खरं सांग, या बाईंनी तुला मोठ्या ताटावर काय घालायला सांगितलं होतं?"

"त्या किरकेटवाल्याचं नाव," खंडू म्हणाला.

वासंतीनं भाऊंकडे असं बघितलं, की भाऊ छताकडे बघायला लागले.

"मग तू उलटं का केलंस? वाचता येत नाही?"

"न्हाय येत. मी बघून बघून काढतो." खंडूनं मशीन बंद केलं. "बाईंनी सांगितलं तसंच करायला बसलो व्हतो, शेठ. पन त्या हवालदाराचं काय त्या ताटलीत मावंना. आनि दुसऱ्याचं व्हतं काय? एक ओळ. चमच्यावर पन मावली असती."