ठसका आलाच पाहिजे

भर मार्चच्या उन्हात, रत्नागिरीत, गच्चीवर रेनकोट घालून फिरणारी बाई दिसली तर घाबरू नका. डोळ्यांना पोहण्याचा गॉगल, हातात भांडी घासायचे रबरी मोजे, नाकातोंडाला पंचा गुंडाळलेला. त्या आमच्या मयेकरकाकी. मिरच्या काढायला निघाल्यात. यंदा डबे दुप्पट आहेत, म्हणून त्यांना सकाळची दुपार होते.

मिरची साधीसुधी नव्हे, भूत मिरची! काकींचा मुलगा मंदार बोटीवर नोकरीला आहे. परवाच सुट्टी संपवून परत गेला. त्याच्या बोटीवरच्या एका आसामी मित्राने हे बी दिलं. काकींनी रंगाचे रिकामे डबे जमवले, त्यात गाळाची माती भरली आणि रोज मासळी धुतलेलं पाणी घालून रोपं वाढवली. मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहतो. एकदा म्हटलं, "काकी, वास मारतो हो गच्चीवर."

"मांजरं तक्रार करत नाहीत, तू कशाला करतोस सुन्या? झोंबली काय?"

हे त्यांचं ठरलेलं उत्तर. पाणी उशिरा सुटलं म्हणून कुरकुरलो तरी "झोंबली काय?" आणि दूधवाला भांडला तरी तेच.

आमचे चेअरमन केळकर. त्यांचे कोल्हापूरचे जावई आरे-वारेचा किनारा बघायला म्हणून आले होते. गच्चीवर येऊन म्हणाले, "असल्या मिरच्या आमच्याकडं पोरं चघळत्यात." काकींनी शांतपणे एक पुढे केली. जावईबापूंनी शेंडा चावला मात्र, आरे-वारे राहिलं बाजूला, माणूस दुपारभर गच्चीवरच्या नळाखाली! काकी शेजारी दह्याचा वाडगा घेऊन बसल्या होत्या. चमच्याने दही भरवत विचारत होत्या, "झोंबली काय?"

गंमत म्हणजे काकी स्वतः तिखट खातच नाहीत. आमटीत मिरची पडली तर देठ धरून बाहेर काढतात. मग पिकवतात कशाला, असं विचारलं की "नको त्या चौकशा!" एवढंच कळायचं की दर शनिवारी तिन्हीसांजेला त्यांच्या घरातून असा खकाणा उठायचा की सगळी बिल्डिंग खोकत गॅलरीत यायची.

शेवटी केळकरांनी मीटिंग बोलावली. मिरच्यांचे डबे गच्चीवरून हटवायचे, हा ठराव. काकी उभ्या राहिल्या.

"गच्चीवर आंबापोळी चालते. पापड चालतात. केळकरांची लुंगी चालते, तीही फाटकी! माझी मिरची तेवढी डोळ्यांत खुपते काय? हटवा की. कोण हात लावतो बघू. फक्त मोजे घालायचे नाहीत."

ठराव तिथेच बारगळला.

पुढच्या शनिवारी पुन्हा खकाणा उठणार म्हणून मीच तावातावाने वर गेलो. दार उघडंच होतं. पाटावर मोबाईल, नारळाला टेकवून उभा केलेला. त्यात मंदार, शहाण्या मुलासारखा मान खाली घालून बसलेला. काकी मुठीत मीठ, मोहऱ्या आणि भूत मिरच्या घेऊन मोबाईलवरून उतरवत होत्या.

"आई, आटप, रेंज जाईल."

"गप बस. मान हलवू नको मेल्या."

मूठ निखाऱ्यावर पडली. मी खोकलो, काकी खोकल्या, डोळ्यांतून धारा लागल्या. आणि काकींचा चेहरा नुसता फुलला. "आला! आला बघ ठसका!"

मिरच्या जाळूनही ठसका लागला नाही तर दृष्ट जबर लागलेली, असं आपल्याकडे मानतात. काकी म्हणाल्या, "पूर्वी बाजारातल्या मिरच्या टाकायची. एका शनिवारी काही म्हणजे काही वास नाही. त्याच आठवड्यात हा बोटीच्या शिडीवरून पडला. हातात सळी आहे अजून. तेव्हापासून पुचाट मिरची या घरात आणत नाही."

"पण काकी, भूत मिरची जाळली तर ठसका येणारच. दृष्ट असो नाहीतर नसो."

"मग? येऊ दे की! हे गेले. एकच पोर, तेही पाण्यावर. मला तो ठसका पाहिजे. आलाच पाहिजे."

खाली येऊन बायकोला सांगितलं. म्हणजे बिल्डिंगला सांगितलं.

गेल्या वर्षी अवेळी पाऊस पडला. रोपांची पानं मुरडली, एक फूल टिकलं नाही. आणि नेमकी मंदारची बोट अशा समुद्रात, की तिथे बोटींवर हल्ले होतायत म्हणून टीव्ही दिवसभर कोकलत होता. त्याचा फोन लागेना. शनिवारी काकींनी बाजारातल्या मिरच्या आणल्या आणि त्याच्या फोटोवरून उतरवल्या. मी चौकशीला म्हणून वर गेलो होतो, तो उघड्या दारातून हे दिसलं आणि जिन्यातच थांबलो. निखाऱ्यावर मोहऱ्या तडतडल्या, धूर आला. ठसका नाही. काकींनी फुंकर मारली, वाकून वास घेतला. पुन्हा फुंकर मारली. काही नाही. उरलेल्या मिरच्याही त्यांनी निखाऱ्यावर टाकल्या, ते मला बघवेना.

मी खोकलो. कठडा धरून, पार पोटातून खोकलो. तेवढ्यात वरच्या मजल्यावरून कोणीतरी खोकलं. केळकर! मग समोरच्या वहिनी, मग तळमजला. सगळी बिल्डिंग खोकायला लागली.

काकी दारात आल्या. माझ्याकडे रोखून बघत म्हणाल्या, "सुन्या, त्या पुचाट मिरचीने खोकतोस?"

"फार झोंबली हो काकी."

वर केळकरांचा खोकला थांबायचं नाव घेत नव्हता. काकींनी मान वर करून जिन्याकडे बघितलं.

"सांग त्या लुंगीवाल्याला," त्या म्हणाल्या, "पुढल्या वर्षी दुप्पट डबे लावणार. काय करायचं ते करा!"

मग पदराने डोळे पुसले, आणि मी काही विचारायच्या आत स्वतःच म्हणाल्या, "मला पण झोंबली रे."