चहानंतरचं फुलपाखरू

"माणसांला पाणी मिळंना, अन् तुम्ही टेबलाला पाजायलाव!" प्राचार्य व्यंकटराव दारातूनच ओरडले.

प्राणिशास्त्राच्या सिंधुबाई हातात तांब्या घेऊन कीटकसंग्रहाच्या टेबलापाशी वाकल्या होत्या. टेबलाचे चारी पाय चार वाट्यांत उभे होते आणि त्या वाट्यांत बाई पाणी घालत होत्या. लातूर जिल्हा होऊन फार दिवस झाले नव्हते. कचेऱ्यांवर नव्या पाट्या चढल्या होत्या. नळाला मात्र पाणी चढत नव्हतं. कॉलेजात टँकर आला तर आला.

"सर, हे मुंग्यांसाठी आहे," बाई म्हणाल्या.

"मुंग्यांला पाणी?"

"मुंग्या वर चढू नयेत म्हणून. वर वाळवलेले किडे आहेत. मुंग्या चढल्या तर नुसत्या टाचण्या उरतील."

"मेलेल्या किड्यासाठी जित्त्या माणसाचं पाणी वाया घालायचं न्हाई. बंद म्हंजे बंद!"

दुसऱ्या दिवसापासून बाई घरून तांदूळ धुतलेलं पाणी डब्यात घेऊन येऊ लागल्या. हा संग्रह त्यांनी पोरापोरींना घेऊन औशाच्या किल्ल्यात, मुरुडच्या शेतांत आणि किनवटच्या जंगलात हिंडून जमवला होता. तो प्राचार्यांच्या हुकमावर सोडायची त्यांची तयारी नव्हती.

तेवढ्यात नव्या जिल्ह्याचं प्रदर्शन ठरलं आणि त्यात कॉलेजच्या कीटकसंग्रहाचे मोठे फोटो लावायचे ठरले. ज्या किड्यांना पाणी नाकारलं होतं, ते व्यंकटरावांना एकदम कॉलेजची शान वाटू लागले. फोटो काढायला त्यांनी गंजगोलाईच्या बाजारातल्या रेवणसिद्धला बोलावलं. रेवणसिद्धचा हात लग्नाच्या फोटोंवर बसलेला.

त्यानं आल्या आल्या टेबल व्हरांड्यात, उजेडात काढायला लावलं. एक फोटो घेतला आणि मान हलवली.

"बाई, काच चमकायली. झाकणं काढावी लागतील."

बाईंनी पेट्यांची काचेची झाकणं काढली आणि लगेच टेबलाच्या पायांखाली वाट्या सरकवून डब्यातलं पाणी ओतलं. नेमके तेव्हाच व्यंकटराव आले.

"ह्या वाट्या फोटोत आल्या तर काय दिसंल? उचला!"

"सर, झाकणं उघडी आहेत."

"हाव, दिसायलंय मला." त्यांनी स्वतः वाकून चारी वाट्या काढल्या आणि त्यातलं पाणी आपल्या ऑफिसपुढच्या गुलाबाच्या कुंडीत ओतलं. "चला आता. च्या सांगितलाय. फोटोत मी कुठं उभारायचं ते ठरवू."

"झाकणं लावून येते."

"अहो, च्या निवायलाय! किडे काय पळून चाललेत का?"

चहा आला, पिऊनही झाला. पण नवा जिल्हा, त्यात कॉलेजचं स्थान आणि कॉलेजात आपलं स्थान यावर व्यंकटराव इतका वेळ बोलले, की दुसरा चहा सांगावा लागला. बाई दोनदा उठल्या; दोनदा त्यांना बसवलं गेलं. तिसऱ्यांदा त्या न विचारता उठल्या आणि निघाल्या. मागून रेवणसिद्ध कॅमेरा सावरत पळाला.

व्हरांड्यात येताच तो ओरडला, "बाई! तुमचं फुलपाखरू जित्तं झालं की!"

फुलपाखरू टेबलावरून चालत निघालं होतं. त्याच्या खाली तांबड्या मुंग्या होत्या. किनवटच्या पतंगाचा एक पंख शिडासारखा उभा धरून दुसरी तुकडी टेबलाच्या पायावरून उतरत होती. पेट्यांत ठिकठिकाणी रिकाम्या टाचण्या उभ्या होत्या.

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी पदरानं पुसलं, आणि मग त्या फार शांत आवाजात म्हणाल्या, "रेवणसिद्ध, काढा फोटो."

"ह्याचा?"

"ह्याचाच. सगळं आलं पाहिजे."

रेवणसिद्ध फरशीवर पालथा पडला. "आजवर लई वराती काढल्या, बाई," तो पुटपुटला, "पर एवढी शिस्तीची वरात बघितली न्हाई."

व्यंकटराव पोचले तेव्हा त्याचं अर्धं काम झालं होतं. त्यांनी कपाळाला हात लावला, पण लगेच तोडगाही काढला. "माझ्या पोरीच्या केसांच्या पिना हायत फुलपाखराच्या. त्या टोचू. फोटोत कुणाला कळतंय?"

"मला कळतंय," बाई म्हणाल्या.

"असले फोटो लागले तर तुम्हाला लेखी खुलासा द्यावा लागंल!"

"देते. फोटोसकट देते."

त्या संध्याकाळी नवीच अडचण निघाली. फोटो धुवायला पाणी लागतं. "लोकांच्या लग्नाचे फोटो पाण्यावाचून पडलेत, अन् तुम्ही मुंग्याचे धुवायलाव?" रेवणसिद्धची बायको कमलम्मा कळशी धरून बसली. शेवटी सिंधुबाई आपल्या घरची कळशी रिक्षातून घेऊन आल्या. ती बघून कमलम्मा जरा ओशाळली आणि आपलीही कळशी पुढं सरकवली.

प्रदर्शनाच्या सकाळी बाईंनी स्वतः स्टुलावर चढून फोटो लावले. भरल्या पेट्यांच्या पहिल्या फोटोखाली चिठ्ठी होती, 'चहाच्या आधी'. बाकीच्या सगळ्यांखाली, 'चहाच्या नंतर'.

व्यंकटराव धावत आले. "काढा ते! कलेक्टरसाहेब यायलेत!"

"तुम्ही काढा," बाई स्टुलावरून म्हणाल्या. "मी लावलेत."

व्यंकटरावांनी हात वर केला, पण हॉलभर माणसं त्यांच्याकडेच बघत होती. तेवढ्यात कलेक्टर आलेच. धरणाच्या नकाशापुढून आणि सुधारित बियाण्यापुढून ते भरभर चालत आले होते. इथं मात्र थांबले. पहिला फोटो पाहिला, मग पुढचे, मग पुन्हा पहिला.

"हा चहा कुणी पाजला?"

"प्राचार्यांनी," बाई म्हणाल्या. "आग्रह करून."

कलेक्टर मोठ्यांदा हसले. मागचे अधिकारी हसले. हॉल हसला. बाईंनी मग वाट्या, तांदळाचं पाणी, गुलाबाची कुंडी सगळं सरळ सांगितलं. एक शब्द गाळला नाही. कलेक्टर हसायचे थांबले आणि त्यांनी तिथंच शेजारच्या अधिकाऱ्याला सांगितलं, की कॉलेजातल्या त्या टेबलाच्या वाट्या कोरड्या राहता कामा नयेत.

व्यंकटरावांचा चेहरा दोन-तीन रंगांतून गेला. मग त्यांनीही हसायचं ठरवलं. "साहेब, आम्ही म्हणलं, नव्या जिल्ह्यात काहीतरी नवं दाखवावं," असं म्हणत ते कोट ओढून कलेक्टरांच्या शेजारी, बरोबर फोटोंच्या पुढं, उभे राहिले. "घे रे रेवणसिद्ध!"

प्रदर्शनाचे फोटो काढायला आलेल्या रेवणसिद्धनं कॅमेरा डोळ्याला लावला, आणि खाली घेतला.

"सर, जरा बाजूला सरा," तो म्हणाला. "मुंग्या झाकायलाव तुम्ही."